एका पोळीत कळसूबाई?



भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एक खोड जडते. जिना दिसला की तो पायऱ्या मोजतो, विहीर दिसली की दगड टाकून सेकंद मोजतो आणि डोंगर दिसला की त्याची उंची विचारून मनातल्या मनात गुणाकार सुरू करतो. या खोडीपायी माझ्या हातून एकदा एक चूक घडली. चूक गणिताची नव्हती. गणित अगदी बरोबर होते. चूक त्या गणिताचा अर्थ लावण्यात होती, आणि तिची किंमत माझ्या एका विद्यार्थ्याला मोजावी लागली. डोंगरावर जाताना काय खावे, किती खावे आणि केव्हा खावे, याविषयी माझे आज जे मत आहे ते त्या चुकीतून बनलेले आहे. म्हणून आधी तीच सांगतो.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात अकरावीचे बावीस विद्यार्थी घेऊन आम्ही दोघे शिक्षक कळसूबाईला निघालो होतो. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. पायथ्याचे बारी हे गाव अकोले तालुक्यात आहे. तेथून शिखरापर्यंतची चढण सुमारे ९०० मीटर भरते. पहाटेच्या बसमध्ये मुले पेंगत होती. त्यांना जागे करावे म्हणून मी फळा नसतानाही तास सुरू केला.

"समजा, तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आणि पाठीवरच्या पिशवीचे ५ किलोग्रॅम. एकूण ५० किलोग्रॅम वस्तुमान ९०० मीटर उंच न्यायचे, तर किती कार्य करावे लागेल?"

मुलांनी तोंडीच गुणाकार केला. वस्तुमान गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले उंची, म्हणजे ५० × ९.८ × ९००. उत्तर आले ४,४१,००० जूल. आता एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४१८४ जूल. (डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बोलण्यात जिला नुसतेच 'कॅलरी' म्हणतात, ती खरे म्हणजे किलोकॅलरी असते, हे ध्यानात ठेवा. यात हजारपटीची गफलत होते.) भागाकार केला तर उत्तर येते जेमतेम १०५ किलोकॅलरी. मध्यम आकाराच्या एका पोळीतून साधारण एवढीच ऊर्जा मिळते!

"म्हणजे सर, एका पोळीत कळसूबाई!" मागून कोणीतरी ओरडले. बस हास्यात बुडाली. मीही हसलो. तास रंगला, याचे मला समाधान वाटले.

बस उशिरा पोहोचल्यामुळे नाश्ता घाईत उरकला गेला. एका मुलाने मात्र माझे गणित शब्दशः खरे मानले. त्याने एक पोळी खाल्ली, डबा आणि खाऊची पिशवी बसमध्येच ठेवली आणि पाण्याची एक बाटली घेऊन तो निघाला. ओझे नसल्यामुळे तो सर्वांच्या आधी शिखरावर पोहोचला. तेथे इतरांनी डबे उघडले, तेव्हा "मला भूक नाही" असे म्हणून तो लांब जाऊन बसला. आपण डबा आणला नाही हे सांगण्याचा त्याला संकोच वाटला असावा.

उतरताना लोखंडी शिड्या लागतात. अशाच एका शिडीच्या तोंडाशी तो थांबला. गार वारा सुटला होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. हात थरथरत होते. मी काय विचारतो आहे आणि तो काय उत्तर देतो आहे, याचा मेळ बसत नव्हता. मित्राने हात पुढे केला, तर तो त्याच्यावरच चिडला. आमच्याबरोबर वाट दाखवायला गावातले एक मामा होते. त्यांनी त्याला शिडीपासून मागे ओढून खाली बसविले आणि मला विचारले, "सर, पोरानं सकाळपासून काय खाल्लंय?"

मित्रांनी सांगितले, एक पोळी.

"एका पोळीवर कळसूबाई? आम्ही बैलालासुद्धा असं जुंपत नाही."

मामांनी कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून त्याला दिला, वर पाणी पाजले आणि मग नागलीची अर्धी भाकरी दिली. पंधरा-वीस मिनिटांत मुलगा ताळ्यावर आला आणि आम्ही त्याला धरून सावकाश खाली आणले. सारे सुखरूप पार पडले. पण तो जर तशाच अवस्थेत शिडीवर चढला असता तर काय झाले असते, हा विचार मला पुढे कित्येक दिवस झोपू देत नव्हता.

हिशेबात काय राहिले?

घरी आल्यावर मी तो गुणाकार पुन्हा केला. उत्तर तेच आले. मग चुकले कोठे? मी मुलांना जे सांगितले, ते कळसूबाई चढण्यासाठी लागणारे किमान कार्य होते. त्याहून कमी ऊर्जेत विश्वातला कोणताही प्राणी किंवा कोणतेही यंत्र ५० किलोग्रॅम वस्तुमान तेवढे वर नेऊ शकणार नाही. परंतु 'किमान' आणि 'पुरेसे' हे दोन शब्द निराळे आहेत. मी पहिल्याच्या जागी दुसरा वापरला.

आता हिशेबातल्या राहिलेल्या रकमा मांडू.

पहिली रक्कम स्नायूंच्या कार्यक्षमतेची. मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचत नाही. मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. आपले स्नायूही तसेच. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कार्यात उतरतो; उरलेली उष्णता होते. म्हणूनच चढताना थंडीतही अंगातले स्वेटर काढावेसे वाटते. याचा अर्थ, १०५ किलोकॅलरींचे कार्य करण्यासाठी ४२० ते ५२५ किलोकॅलरी खर्ची पडतात. एका पोळीच्या झाल्या चार-पाच पोळ्या!

दुसरी रक्कम शरीराच्या नित्य खर्चाची. तुम्ही नुसते पडून राहिलात तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत यांचे काम चालूच असते. तुमच्या वयाच्या मुलामुलींना त्यासाठी तासाला साधारण ५० ते ६० किलोकॅलरी लागतात. सहा-सात तासांची ये-जा म्हटली की ही रक्कमही तीन-साडेतीनशेच्या घरात जाते.

तिसरी रक्कम मोठी गमतीची आहे. पाठ्यपुस्तकात तुम्ही शिकता की, ओझे घेऊन सपाट रस्त्यावर चालले तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेले कार्य शून्य. आणि उतरताना तर ते ऋण असते. मग उतरताना शरीराला ऊर्जा परत मिळावयास हवी! पाण्याने भरलेली बादली हात लांब करून दोन मिनिटे धरून पाहा. बादली तसूभरही हललेली नाही, म्हणजे कार्य शून्य. पण हाताला विचारा! स्नायूतील तंतू ताण टिकवून धरण्यासाठी सारखे आकसत आणि सैल होत असतात आणि त्या प्रत्येक वेळी इंधन खर्च होते. उतरताना मांडीचे स्नायू गाडीच्या ब्रेकसारखे काम करतात. खर्च चढण्यापेक्षा कमी असतो, पण शून्य खचित नसतो. अपघाताची भीती मात्र उतरतानाच अधिक, कारण तोवर पाय थकलेले आणि इंधन सरत आलेले असते.

या साऱ्या रकमांची बेरीज केली म्हणजे कळसूबाईच्या एका फेरीसाठी तुमच्यासारख्याला ढोबळमानाने हजार ते बाराशे किलोकॅलरी लागतात. आणि ही फक्त डोंगराची रक्कम झाली. उरलेल्या दिवसभराचे खाणे वेगळेच.

तेच गणित, पण योग्य हातात

हे वाचून कोणी म्हणेल, मग तो गुणाकार निरुपयोगीच म्हणायचा. तसे मुळीच नाही. तोच गुणाकार दोन शास्त्रज्ञांनी कसा वापरला पाहा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यूस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे असे मत होते की, स्नायू जे कार्य करतात त्यासाठी लागणारी ऊर्जा प्रथिनांच्या विघटनातून येते. झुरिकचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडोल्फ फिक आणि रसायनशास्त्रज्ञ योहानेस विस्लिसेनुस यांना हे पटेना. त्यांनी वाद घालण्याऐवजी डोंगर चढावयाचे ठरविले. ३० ऑगस्ट १८६५ रोजी ते दोघे स्वित्झर्लंडमधील ब्रिएंझ सरोवराच्या काठावरून फाउलहॉर्न या शिखरावर चढले. चढण होती १९५६ मीटर. आदल्या दिवसाच्या दुपारपासून त्यांनी प्रथिने असलेला पदार्थ तोंडात घातला नाही. पिष्टाच्या, चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा असा त्यांचा आहार होता. प्रथिनांतील नायट्रोजन शेवटी मूत्रावाटे बाहेर पडतो. म्हणून त्यांनी आपले मूत्र साठवून त्यातील नायट्रोजन मोजला आणि त्यावरून किती प्रथिने खर्च झाली हे काढले. प्रत्येकाची सुमारे ३७ ग्रॅम!

फिक यांचे वजन सामानासह ६६ किलोग्रॅम. ६६ किलोग्रॅम १९५६ मीटर चढविण्याचे कार्य १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे आजच्या एककात सुमारे १२६५ किलोजूल. ३७ ग्रॅम प्रथिनांतून, ग्रॅमला ४ किलोकॅलरी या आजच्या हिशेबाने, मिळतात सुमारे ६२० किलोजूल. जेमतेम निम्मे! किमान कार्यालासुद्धा प्रथिने पुरत नाहीत, मग प्रत्यक्ष कार्याला कोठून पुरणार? १८६६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड फ्रँकलंड यांनी निरनिराळे अन्नपदार्थ कॅलरीमापकात जाळून त्यांची ऊर्जा मोजली आणि या निष्कर्षाला बळकटी आली. स्नायूंचे मुख्य इंधन प्रथिने नसून पिष्टमय व स्निग्ध पदार्थ आहेत.

फिक आणि विस्लिसेनुस यांनी किमान रक्कम ही किमान रक्कम म्हणूनच वापरली. 'एवढी तरी हवीच, आणि एवढीही मिळत नाही,' असा त्यांचा युक्तिवाद. मी मात्र 'एवढी पुरे' असे म्हणालो. सूत्र एकच, फरक ते वापरणाऱ्यात.

आजही या प्रयोगाची आठवण ठेवण्याजोगी आहे. प्रथिनांची महागडी पूड दुधात घालून प्यायली की डोंगर चढायला बळ येते, अशी समजूत तरुण मुलांत पसरलेली दिसते. प्रथिने शरीराच्या वाढीसाठी आणि झीज भरून काढण्यासाठी हवीतच. त्यासाठी घरी रोज डाळ, उसळ, दूध, अंडी खावी. पण चढणीवर पायांना लागते ते इंधन. ते भाकरीत, भातात, गुळात, केळ्यात आणि शेंगदाण्यात आहे.

कोठार मोठे, दार लहान

"एक दिवस खाल्ले नाही तर काय बिघडते? अंगात चरबी आहेच की!" असे म्हणणारेही भेटतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. एक ग्रॅम चरबीतून ९ किलोकॅलरी मिळतात. ४५ किलोग्रॅमच्या मुलाच्या अंगात ५ किलोग्रॅम जरी चरबी धरली, तरी ती ४५,००० किलोकॅलरी होते. या हिशेबाने चाळीस वेळा कळसूबाई चढून यावे!

पण कोठार मोठे असले तरी त्याचे दार लहान आहे. चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. शिवाय तेवढ्याच ऊर्जेसाठी तिला पिष्टमय पदार्थांपेक्षा थोडा अधिक ऑक्सिजन लागतो. उभ्या चढणीवर धाप लागली की शरीर झटपट मिळणाऱ्या इंधनाकडे वळते. ते इंधन म्हणजे ग्लुकोज, आणि त्याचा साठा म्हणजे ग्लायकोजेन. प्रौढ माणसाच्या यकृतात हा साठा साधारण १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून तीन-चारशे ग्रॅम असतो. तुमच्या अंगात त्याहून कमी.

यात आणखी एक मेख आहे. स्नायूतले ग्लायकोजेन त्या स्नायूच्याच कामी येते. ते ग्लुकोज होऊन पुन्हा रक्तात उतरू शकत नाही. रक्तातील साखर सांभाळण्याचे काम यकृताच्या साठ्यावर असते आणि त्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपला मेंदू. तो तासाला साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज घेतो. रात्रभर झोपेत यकृताचा साठा बराच उतरलेला असतो. सकाळी न्याहारी नाही, वाटेत खाणे नाही आणि पायही ग्लुकोज ओढत आहेत, अशा वेळी रक्तातील साखर घसरते. थरथर, घाम, चिडचिड, भलतीच उत्तरे. शिडीच्या तोंडाशी त्या मुलाला जे झाले ते हेच. आणि ध्यानात घ्या, त्याला स्वतःला ते कळत नव्हते. निर्णय घेणारा मेंदूच उपाशी असल्यावर 'मला बरे वाटत नाही' हा निर्णय तरी कोण घेणार? म्हणून डोंगरावर आपल्या सोबत्याकडे लक्ष ठेवावे लागते.

यावरून एक नियम निघतो. डोंगरावर भूक लागल्यावर खायचे नसते. भूक लागण्याआधी खायचे असते. चढण्यापूर्वी दीड-दोन तास आधी पोहे, उपमा किंवा भाकरी-भाजी अशी पोटभर पण जड नसलेली न्याहारी करावी. मग दर पाऊण-एक तासाने दोन-चार घास. शिखरावर अर्धे जेवण. तेथे आडवा हात मारला तर पचनासाठी पोटाकडे रक्त जास्त वळते आणि उतरताना सुस्ती येते. आणि पिशवीतला शेवटचा मूठभर खाऊ पायथ्याला पोहोचेपर्यंत संपवू नये.

शिदोरीचे ओझे किती?

त्या मुलाने डबा ठेवला तो ओझे कमी व्हावे म्हणून. त्याचा हिशेब तपासू.

तीन दशम्या, १०० ग्रॅम शेंगदाण्याची चिक्की, ५० ग्रॅम फुटाणे आणि दोन केळी. दशम्यांच्या साधारण ३९०, चिक्कीच्या ४८०, फुटाण्यांच्या १८५ आणि केळ्यांच्या १८०. एकूण बाराशेच्या वर किलोकॅलरी झाल्या. या साऱ्याचे वजन ६०० ग्रॅमच्या आतबाहेर. आता हे ०.६ किलोग्रॅम ९०० मीटर चढविण्याचे कार्य ०.६ × ९.८ × ९००, म्हणजे सुमारे ५३०० जूल, सव्वा किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता धरून त्याचे चौपट करा, पाच किलोकॅलरी. बाराशे किलोकॅलरींची शिदोरी वर न्यायला खर्च किती, तर पाच किलोकॅलरी! अर्ध्या चमच्याहून थोड्या साखरेएवढ्या. याहून स्वस्त हमाली जगात नाही. तीन लिटर पाण्याची हमाली काढली, तर तीही पंचवीस किलोकॅलरींच्या आसपासच येते. आणि हे ओझे असे की, चालता चालता ते कमी होत जाते.

शिदोरीतल्या पदार्थांची निवडही याच दृष्टीने करता येते. १०० ग्रॅम काकडीतून १५ किलोकॅलरी मिळतात, केळ्यातून ९०, गुळातून ३८० आणि शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक. म्हणून गूळ-शेंगदाणे हा जोड मला फार शहाणपणाचा वाटतो. गूळ लगेच कामाला लागतो आणि शेंगदाणे सावकाश जळत राहतात. चुलीत चिपाड आणि ओंडका दोन्ही घालावे, तसेच हे. काकडीने पोट भरत नसले तरी तहान भागते. तिला हसू नका. बटाट्याच्या तळलेल्या कापांची पाकिटे नेऊच नयेत असे मी म्हणणार नाही, पण ती पिशवीत जागा फार अडवितात, पोटात सावकाश पचतात आणि त्यांची रिकामी पाकिटे डोंगरावरच राहतात. केळ्याची सालसुद्धा पिशवीत घालून परत आणावी.

उपवास असेल तर? माझे मत असे की, उपवासाच्या दिवशी निर्जळी राहून चढू नये. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळी, रताळी हे उपवासाला चालणारे पदार्थ इंधन म्हणून उत्तमच आहेत. नियम मोडण्याचीही गरज नाही. ज्यांना मधुमेहासारखा विकार आहे, त्यांनी मात्र खाण्याची वेळ आणि प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाणी हेही अन्नच

वर पाहिले की, स्नायूंतील ऊर्जेचा तीन-चतुर्थांश भाग उष्णता होतो. कळसूबाईच्या चढणीपुरता हा भाग सुमारे १३०० किलोजूल येतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. त्वचेवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे २.४ किलोजूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे अर्धा लिटरहून थोडा अधिक घाम झाला पाहिजे, आणि तोही थेंब न् थेंब त्वचेवरच वाळला पाहिजे. निथळून खाली पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. दमट हवेत किंवा उन्हात म्हणूनच घाम कितीतरी अधिक जातो. त्याबरोबर मीठही जाते. साध्या पाण्याच्या जोडीला एक लिटर पाण्यात चार-पाच चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू पिळून केलेले सरबत न्यावे. लहान आतड्यात ग्लुकोज आणि मिठातील सोडियम बरोबरीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी शोषले जाते. जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी देतात, त्यामागचेही तत्त्व हेच.

पाण्याचे हे महत्त्व सह्याद्रीत जेवढे, तेवढेच हिमालयात. १९५२ साली स्विस मोहिमेतील रेमंड लँबर्ट आणि आपले तेनझिंग नोर्गे हे एव्हरेस्टवर सुमारे ८४०० मीटर उंचीवर एका रात्री स्टोव्हशिवाय अडकले होते. चोहीकडे बर्फच बर्फ, पण प्यायला पाणी नाही! एका रिकाम्या डब्यात बर्फ घेऊन मेणबत्तीवर ते वितळवीत बसले. बर्फाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी आहे. एक लिटर पाण्यासाठी नुसते वितळवायलाच ८० किलोकॅलरी लागणार; मेणबत्तीने ते कितीसे होणार? दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८६०० मीटरपर्यंत जाऊन परतले. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ प्यू हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. गिर्यारोहकांनी भरपूर पेये घ्यावीत, बर्फ वितळविण्यास पुरेसे इंधन आणि चांगले स्टोव्ह न्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले, तेव्हा आदल्या रात्री शेवटच्या तळावर त्यांनी लिंबाचा रस आणि साखर घातलेले पेय भरपूर घेतले होते. यशाची कारणे इतरही होती. ऑक्सिजनची उपकरणे, मोठी तुकडी, अनुकूल हवा. पण जगातल्या सर्वांत उंच चढाईतसुद्धा लिंबू-साखरेच्या पाण्याला मानाचे पान होते, हे विसरू नये.

येथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. सहलीत मुली पाणी कमी पितात, असे मी वारंवार पाहिले आहे. कारण उघड आहे. वाटेत आडोसा नसतो आणि सांगायला संकोच वाटतो. हा दोष मुलींचा नव्हे, आम्हा शिक्षकांचा आहे. वाटेत कोठे थांबायचे हे आधी ठरविणे आणि बरोबर शिक्षिका असणे, ही सहलीच्या तयारीतील पहिली बाब असली पाहिजे. ती व्यवस्था न करता 'भरपूर पाणी प्या' असा उपदेश करणे म्हणजे नुसतेच बोलणे होय.

माझे मत

शाळा-महाविद्यालयांच्या सहलींत आपण दोर तपासतो, प्रथमोपचाराची पेटी तपासतो, पालकांच्या सह्या घेतो. डबा मात्र कोणी तपासत नाही. खाणे ही ज्याची त्याची हौस आहे, असे आपण धरून चालतो. उलट, न खाता चढणारा आपल्याला काटक वाटतो आणि वाटेत दर तासाला पिशवी उघडणारा खादाड. माझे मत नेमके याच्या उलट आहे. दर तासाला चार घास खाणारा शहाणा. आणि उपाशी चढणारा स्वतःबरोबर सोबत्यांनाही संकटात टाकणारा. शिदोरी ही दोराइतकीच सुरक्षिततेची वस्तू आहे. ती तपासल्याशिवाय पायथा सोडू नये. आणि एखाद्याजवळ डबा नसेल, तर त्याला लाजविण्याऐवजी इतरांनी आपल्यातले दोन-दोन घास काढावेत. ज्यांच्या घरी त्या दिवशी डबा होऊ शकला नाही, अशीही मुले आपल्यात असतात. म्हणून थोडे फुटाणे आणि गूळ सहलीच्या सामाईक खर्चातूनच घ्यावे, असे मी सुचवीन. बावीस मुलांना पुरेल एवढा हा खाऊ फार महाग पडत नाही.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. एक सोपे सूत्र देतो. तुमचे पिशवीसह वजन किलोग्रॅममध्ये घ्या, चढण मीटरमध्ये घ्या, दोहोंचा गुणाकार करून १०० ने भागा. चढण्यासाठी लागणाऱ्या किलोकॅलरी मिळतील. (४२७ किलोग्रॅम-मीटर म्हणजे एक किलोकॅलरी. मग १०० ने का भागले? यात स्नायूंची कार्यक्षमता किती धरली आहे ते तुम्हीच काढा.) येणाऱ्या उत्तराची अडीचपट केली की उतरणे, सपाटीवरचे चालणे आणि शरीराचा नित्य खर्च धरून पूर्ण फेरीचा अंदाज येईल. तुमच्या गावाजवळच्या गडासाठी, टेकडीसाठी हे करून पाहा आणि तेवढ्या किलोकॅलरींची शिदोरी आईबाबांबरोबर बसून ठरवा. दुसरा प्रयोग असा : चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर काट्यावर वजन करा. वजन जितके किलोग्रॅम घटले, साधारण तितके लिटर पाणी तुम्ही पिण्याचे राहिलात.

तो मुलगा आता अभियांत्रिकीला आहे आणि अजूनही डोंगरावर जातो. गेल्या वर्षी तो आमच्या अकरावीच्या मुलांबरोबर मदतीला आला होता. पायथ्याशी सर्वांना ओळीत उभे करून तो म्हणाला, "चला, आधी डबे दाखवा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुमचाही."

मी दाखविला. त्यात तीन दशम्या होत्या, आणि गुळाचा एक मोठा खडा.